दादरची मराठी एए मीटिंग: उपचार संपल्यावरच्या संध्याकाळींसाठी

व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल लोक भरभरून लिहितात. खोली कशी होती, जेवण कसं होतं, एसी होता का, महिन्याचे किती घेतले. पण केंद्रातून घरी आल्यावर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता माणसाने कुठे जायचं, हे कोणी लिहीत नाही. मी त्या सहा वाजताबद्दल लिहितेय.

मला उपयोगी पडली ती सेवा म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात एए, दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची एकमेकांना आधार देणारी संघटना. त्यातली दादरला एका शाळेच्या वर्गात भरणारी मराठी मीटिंग. समूहाचं नाव आणि शाळेचा पत्ता मी देणार नाही, कारण तिथे कोण येतं हे बाहेर न जाणं हाच त्या जागेचा पाया आहे. त्याच नियमाने माझंही नाव नाही. वय सेहेचाळीस, राहायला गोरेगाव पूर्वेला, नोकरी लोअर परळला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. मी अल्कोहोलिक आहे.

मी बारमध्ये कधी गेले नाही. मी घरी प्यायचे. रात्री सगळे झोपले, ओटा पुसून झाला की स्टीलच्या पेल्यात ओतायचे. स्टीलच्या पेल्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. बाटली तांदळाच्या डब्यात तळाशी असायची. घरात तांदूळ मीच काढत होते, म्हणून बरीच वर्षं कोणाला काही कळलं नाही. पुढे सकाळी हात थरथरायला लागले आणि ते थांबवायला सकाळचीही लागायला लागली.

उपचार एका खासगी केंद्रात झाले. तिथल्या डॉक्टरांनी पहिले दिवस नीट सांभाळले. ते फार महत्त्वाचं होतं, त्याकडे मी पुढे येते. पण निघताना हातात काय दिलं? बिल, गोळ्यांची पिशवी आणि ‘आता इच्छाशक्ती ठेवा’ एवढं वाक्य. पुन्हा कधी यायचं ते नाही, कोणाला फोन करायचा ते नाही. घरच्यांना सांगितलं, मॅडम आता ठीक आहेत. आणि मॅडम सोमवारी लोअर परळला उतरल्या. तिथे पूर्वी गिरण्या होत्या, आता ऑफिसं आहेत आणि त्यांच्या खाली ओळीने बार. संध्याकाळ झाली की बाहेर एकावर एक फ्रीचे बोर्ड लागतात. एवढ्या पैशांत मला कोणी एक वही देऊन त्यात ‘संध्याकाळी सहा ते नऊ’ असं लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. याचा राग मला आजही आहे आणि तो रास्त आहे असं मला वाटतं.

दादरची मीटिंग मला केंद्रातल्याच एका पेशंटच्या बायकोने सांगितली.

दादरची सोय आधी सांगते, कारण मुंबईत जागा लांब असेल तर चांगली सेवाही उपयोगाची नाही. दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइन भेटतात, त्यामुळे वर्गात विरारचा माणूस आणि कल्याणचा माणूस शेजारी बसलेले असतात. मला लोअर परळहून मधे एक स्टेशन, प्रभादेवी. मीटिंग साधारण दीड तासाची. आधी आल्यावर चहा मिळतो, तोही शेजारच्या टपरीवरचा, किटलीतून. शाळेची बाकं लहान मुलांची आहेत. गुडघे वर येतात, सहा फुटी माणसं आडवी बसतात. पंखे दोन, त्यातला एक आवाज करतो. बाथरूमला कधीकधी कुलूप असतं, तेव्हा वॉचमनकाकांना शोधावं लागतं. बायकांनी हे लक्षात ठेवून ऑफिसातूनच जाऊन यावं.

मीटिंगमध्ये होतं काय? त्या दिवशीचा चेअरपर्सन सुरुवात करतो, एक मिनिट शांतता, प्रार्थना, मग एएची ओळख वाचून दाखवतात. मग एकेक जण बोलतो. ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणायचं, सगळे नाव घेऊन नमस्कार म्हणतात, आणि मग पाच-सात मिनिटं स्वतःचं सांगायचं. याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी बोलत नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ असं कोणी सांगत नाही. तुमचं झालं की ‘थँक यू’ म्हणतात आणि पुढचा बोलतो. पहिल्यांदा मला हे कोरडं वाटलं. केंद्रात काउन्सेलर प्रत्येक वाक्यावर काहीतरी लिहून घ्यायची, इथे कोणी पेनही काढत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका माणसाने सांगितलं की तो बाटली संडासाच्या फ्लशच्या टाकीत ठेवायचा. मी माझा तांदळाचा डबा आजवर कोणालाही सांगितला नव्हता, डॉक्टरांनाही नाही. त्या दिवशी सांगितला. कोणी दचकलं नाही. मागच्या बाकावरच्या एका काकांनी नुसती मान डोलवली, तेलाचा भाव ऐकल्यासारखी. मला हलकं वाटलं, इतकं की ट्रेनमध्ये उभी असताना पाय दुखत नव्हते.

एएची सुरुवात अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी १९३५ मध्ये झाली. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आणि तिथला एक सर्जन, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि लक्षात आलं की बोलत असेपर्यंत प्यावंसं वाटत नाही. आजही मीटिंगमध्ये तेच चालतं. दारूने पिचलेला माणूस दुसऱ्या तशाच माणसाशी बोलतो. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल ते टाकायचं. बाहेरच्या देणग्या घेत नाहीत. पिशवीत हात घालून काही न टाकता काढला तरी कोणाला कळत नाही, आणि सुरुवातीला नोकरी गेलेले कितीतरी जण तसंच करतात.

‘हे सगळं बोलून होतं का हो?’ असं माझ्या दिराने विचारलं होतं. त्याला मी सांगितलं ते इथेही सांगते. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये एए आणि तिच्या बारा पायऱ्यांवर, म्हणजे दारूशिवाय जगण्यासाठी एए सुचवते त्या बारा टप्प्यांवर, बेतलेल्या उपचारांचे २७ अभ्यास तपासले, त्यात १०,५६५ माणसं होती. सलग दारूपासून लांब राहण्याच्या बाबतीत ठरलेल्या पद्धतीने एएकडे जोडून देणारे उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस निघाले. जोडून देणारे, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. पत्रक हातात देऊन भागत नाही. मला केंद्राने जोडून दिलं नाही, एका बाईने दिलं, ती स्वतः स्टेशनच्या पुलावर थांबली होती म्हणून मी आत गेले.

आता माझ्या स्पॉन्सरबद्दल. स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधीपासून दारूशिवाय राहणारी व्यक्ती, जिला आपण कधीही फोन करू शकतो. बायकांना बाईच स्पॉन्सर असावी असा रिवाज आहे, तो बरा आहे. माझ्या ताई लालबागच्या, निवृत्त नर्स. पावसाळ्यातली एक संध्याकाळ. ऑफिसात वर्षाचे हिशेब जुळत नव्हते, साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, दुपारचा डबा तसाच राहिला. स्टेशनच्या वाटेवर वाइन शॉप आहे. मी त्याच्या समोरच्या फुटपाथवर छत्री धरून उभी राहिले आणि पाकिटातल्या नोटा मोजायला लागले. मोजता मोजता फोन लावला.

‘ताई, मी दुकानासमोर आहे.’

‘बरं. दुपारी काय खाल्लंस?’

‘काही नाही.’

‘मग आधी खाऊन घे. फोन ठेवू नकोस. शेजारी काय मिळतं?’

उडप्याचं हॉटेल होतं. ताई फोनवर असतानाच मी आत गेले, इडली-सांबार मागवलं, आणि त्या लालबागला कुकरची शिट्टी मोजत माझ्याशी बोलत राहिल्या. सांबार गरम होतं, जीभ भाजली. दुसरी इडली संपेपर्यंत ती ओढ खाली आली होती. एएत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींवर लक्ष ठेवायला शिकवतात. त्या संध्याकाळी माझ्याकडे चारही होत्या. तलफ कितीही जोराची असली तरी साधारण वीस-तीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो, तेवढा वेळ कोणीतरी सोबत लागतं. केंद्रात सकाळी दहा ते पाच काउन्सेलिंग असतं. तलफ संध्याकाळी येते. या एका कारणासाठीही मी या सेवेला पूर्ण गुण देईन.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एम्सने केलेल्या देशभरातल्या पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के निघाल्या. त्यामुळे वर्गात मी आणि ताई धरून मोजक्याच बायका दिसतात, याचं मला नवल वाटत नाही. पण बाईचं शरीर लवकर खचतं. शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त चढते आणि लिव्हरची हानी कमी वर्षांत होते. आणि मदत मागायला मात्र बाई सगळ्यात शेवटी येते. नवरा दारू पितो म्हणून रडणाऱ्या बाईला शेजारीण चहा देते. बाई स्वतः पिते म्हटल्यावर दार लागतं. माझ्या सख्ख्या मामीने हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. वर्गात मात्र ‘बाई असून’ हे शब्द मी एकदाही ऐकले नाहीत. रात्री परत जाताना दोघी-तिघी मिळून स्टेशनपर्यंत जातो, लेडीज डब्यात बसवून देईपर्यंत ताई हलत नाहीत. ज्यांना रात्री निघणं शक्य नाही त्यांनी ऑनलाइन मीटिंगबद्दल विचारावं. लहान मूल असलेल्या एका मुलीचं त्यावरच चाललंय, ती मुलाला मांडीवर घेऊन कॅमेरा बंद ठेवून ऐकते.

देवाचा प्रश्न बरेच जण विचारतात. बारा पायऱ्यांमध्ये आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे, पण ती कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या वर्गात माळकरी आहेत, बौद्ध आहेत, वांद्र्याचे एक ख्रिश्चन आजोबा आहेत जे मराठीतच बोलतात, आणि एक कट्टर नास्तिक मास्तर आहेत. मास्तर म्हणतात, माझी मोठी शक्ती म्हणजे हा वर्ग. तेवढं पुरतं.

स्लिप झालेल्यांशी, म्हणजे सोडून पुन्हा प्यायलेल्यांशी, कसं वागतात, यावरून मी जागा ओळखते. दिवा स्टेशनकडचा एक मुलगा बरेच महिने येत होता, मग गायब झाला. परत आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे खाली. त्याला ‘का प्यायलास’ असं कोणी विचारलं नाही. चेअरपर्सन म्हणाले, ‘आलास, बरं झालं, चहा घे.’ मीटिंग संपल्यावर तिघांनी त्याला स्वतःचे नंबर पुन्हा लिहून दिले, कारण त्याचा फोन विकला गेला होता. घरी हेच झालं असतं तर काय झालं असतं, हे मला ठाऊक आहे.

आणि बर्थडे. दारूशिवायचं एक वर्ष झालं की त्या दिवसाला बर्थडे म्हणतात, घरच्यांना बोलावतात. एका काकांचा होता, बऱ्याच वर्षांचा. सून पेढे घेऊन आली होती. तिला दोन शब्द बोलायला सांगितले तर ती उभी राहून म्हणाली, ‘मी बाबांना प्यायलेलं कधी बघितलंच नाही. लोक सांगतात ते दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतात असं वाटतं.’ काका खिडकीकडे बघत बसले. मला तेव्हा माझ्या मुलीचा होणारा नवरा आठवला, जो अजून कुठे आहे ते देवालाही ठाऊक नाही.

आता ही सेवा काय करत नाही ते. एए म्हणजे उपचार नव्हे. जो माणूस सकाळपासून पितो त्याने मीटिंग ऐकून जोशात घरी दारू बंद केली तर जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो. हा टप्पा डॉक्टरांच्या हाताखालीच काढायचा, खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं आहेत, तिथे मानसोपचार विभाग आहेत. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. निवासी उपचार हवे असतील तर वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे. आमच्या वर्गात दोन्हीकडून आलेले लोक आहेत आणि दोन्हींबद्दल प्रेमाने बोलतात.

गोळ्यांचं तर अगदी बजावून सांगते. डायसल्फिरम ही गोळी शरीरात दारू मोडण्याची क्रिया अर्ध्यावर अडवते. त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ती पेशंटला सांगूनच द्यायची असते. भाजीत, डाळीत कालवून चोरून देणारे घरचे लोक आहेत. कृपा करून असं करू नका, यात माणूस दगावू शकतो. आणि गोळी चालू असताना खोकल्याची औषधं, माउथवॉश यांवरचं लेबल वाचा. मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी प्रेमाने अशक्तपणावर दशमूलारिष्ट काढलं. त्यांच्या हिशेबात ते बाळंतिणीचं औषध. आसव आणि अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण पाच ते दहा टक्के. नर्स असल्यामुळे ताईंना ते माहीत होतं. सासूबाईंना बाटलीवरची बारीक अक्षरं मी भिंगातून दाखवली. त्यांनी ती बाटली त्याच दिवशी खालच्या मजल्यावर देऊन टाकली आणि मला रोज नाचणीची आंबील द्यायला लागल्या. गोळ्या कमी-जास्त करणं मात्र डॉक्टरांचं काम, वर्गातल्या कोणाचं नाही. एएचं साहित्यही तेच सांगतं.

माझ्या नवऱ्यासाठी अल-अ‍ॅनॉन होतं. व्यसनी माणसांच्या घरच्यांची ही वेगळी संघटना १९५१ पासूनची, एएशी नातं आहे पण कारभार स्वतंत्र. हा भाग लोक वगळतात आणि तिथेच घर पुन्हा बिघडतं. मी घरी आल्यावर नवरा माझ्या प्रत्येक पेल्याचा वास घ्यायचा. पाण्याचा, ताकाचा, चहाचासुद्धा. बोलायचा काही नाही, नुसता पेला उचलून नाकाशी न्यायचा. त्याचं चूक नव्हतं, त्याने बरीच वर्षं काढली होती. पण मुलगी बघत असायची. तो पहिल्यांदा गेला तेव्हा खोलीत बहुतेक बायकाच होत्या, नवऱ्यांच्या व्यसनाने गांजलेल्या, आणि तो एकटा पुरुष. संकोचला, तरी बसला. त्याच्याकडून एवढंच कळलं की एका बाईने, ती तिच्या नवऱ्याचे खिसे कसे तपासायची ते सांगितलं आणि त्याला स्वतःचं नाक आठवलं. पेले आता ट्रॉलीत असतात, स्टीलचेच, आणि कोणी हुंगत नाही.

पहिल्यांदा येणार असाल तर वेळेच्या आधी पोचा आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ‘पहिल्यांदाच आलेय’ एवढं सांगा. बोलायची सक्ती नाही, ‘आज फक्त ऐकते’ म्हटलं तरी चालतं. ओपन मीटिंगला घरच्यांना सोबत आणता येतं, क्लोज्ड मीटिंग फक्त स्वतः दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. एका ठिकाणी जीव रमला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका, मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी मीटिंगा तिन्ही लाइनींवर भरतात, आणि प्रत्येक वर्गाचा स्वभाव निराळा. परीक्षांच्या आणि गणपतीच्या दिवसांत शाळेचे वर्ग मिळत नाहीत, जागा बदलते. तेव्हा निघण्याआधी एएच्या मुंबई हेल्पलाइनवर फोन करून त्या दिवशी कुठे भरतेय ते विचारून घ्या.